बत्तीस पाकिटं, एक दगड

टोकियोतल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात छापून आलं आहे की नोव्हेंबरातल्या शिखर मोहिमेत ‘एक ज्येष्ठ सदस्य स्वतःच्या अनवधानाने वाट चुकले, परंतु कार्यकारिणीच्या तत्परतेमुळे ते सुखरूप सापडले.’ हे वाक्य मी आतापर्यंत पंधरा-वीस वेळा वाचलं असेल. शुद्धलेखन निर्दोष आहे. बाकी एकही शब्द खरा नाही.

ते ज्येष्ठ सदस्य म्हणजे माझे सासरे. त्यांच्याबद्दल त्या अंकात एवढी एकच ओळ आहे, म्हणून उरलेलं मी इथे लिहिते.

बाबा बहात्तर वर्षांचे. भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. गावाकडे त्याला साधं मोजणीदार म्हणतात. भावाभावांत जमिनीवरून भांडण लागलं की साखळी घेऊन बांधावर उभं राहायचं आणि दोन्ही भावांच्या शिव्या खायच्या, असं त्यांनी नोकरीचं वर्णन केलं होतं. नोकरीत असल्यापासून त्यांना डोंगर चढायची सवय. सासूबाई गेल्यावर ती थांबली. दोन वर्षं ते पुण्याच्या फ्लॅटमधून फक्त दूध आणायला बाहेर पडत होते. मग माझ्या नवऱ्याने त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं, आणि आणून स्वतः नागोयाला प्रोजेक्टवर गेला. शनिवार-रविवारी यायचा, तेही दर आठवड्याला नाही. एदोगावातल्या आमच्या दोन खोल्यांत मी, बाबा आणि कचऱ्याचं वेळापत्रक असे तिघे राहायला लागलो. कचरा वर्गीकरणात बाबा आठवड्याभरात माझ्यापुढे गेले. ‘नियम लिहून दिलेले आहेत, मग अवघड काय?’ असं त्यांचं म्हणणं.

एक दिवस मी ऑफिसातून येताना टोकियोच्या पश्चिमेकडच्या डोंगरांचा एक नकाशा घेऊन आले, त्यांना काहीतरी बघायला म्हणून. सगळा नकाशा जपानीत. बाबा भिंग घेऊन त्यावर तासभर वाकून बसले. मग त्यांनी मला हाक मारली आणि एका शिखरावर बोट ठेवलं. तिथे एक बारीकसा त्रिकोण होता, मधोमध ठिपका.

“हे मला वाचता येतं,” ते म्हणाले.

जमिनीची मोजणी सुरू करताना डोंगराच्या माथ्यावर दगड पुरतात, त्या दगडावरून दुसऱ्या डोंगरावरचा दगड बघतात, आणि असे त्रिकोण जोडत जोडत अख्खा देश मोजतात. त्या दगडाची खूण नकाशावर अशीच असते, आपल्याकडेही. चाळीस वर्षं बाबांची सगळी मोजणी कुठल्यातरी अशा दगडावर उभी होती. इथे येऊन त्यांना दीड महिना झाला होता, आणि वाचता आलेली ही पहिली गोष्ट.

“तिथे दगड असेल,” ते म्हणाले. “जाऊन हात लावून यायला पाहिजे.”

सासूबाई गेल्यापासून त्यांनी ‘पाहिजे’ हा शब्द वापरलेला मी ऐकला नव्हता.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “एकटे नाही. तुम्ही दोघंही एकटे नाही. बाबांचा गुडघा बघितलायस ना? मंडळाचा ट्रेक आहे पुढच्या महिन्यात, बहुतेक त्याच डोंगरावर. अनुभवी माणसं आहेत. त्यांच्याबरोबर जा.” मग आवाज जरा खाली आणून, “आणि तिथे काही गडबड झाली ना, तर त्यांचं डोंगरबिंगर कायमचं बंद. पुण्यालासुद्धा. मी दादाला सांगून ठेवणार आहे.”

दादा म्हणजे माझे मोठे दीर. पुण्यात बाबा त्यांच्याकडे असतात. म्हणजे बाबांचं पुढचं सगळं चालणं-फिरणं या एका रविवारावर टांगलेलं होतं. बाबांनी फोनवरचं सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी नदीकाठी चार किलोमीटर चालायला लागले.

अनुभवी माणसांचं आता सांगते.

मोहिमेला बत्तीस जणांनी नावं दिली होती. त्यासाठी समिती होती, उपसमिती होती, भगव्या रंगाचे टी-शर्ट होते आणि चार मीटर लांबीचा बॅनर होता. सचिव म्हणजे तोयोसुच्या एका आयटी कंपनीतले गृहस्थ; त्यांनी सह्याद्रीत साठ किल्ले केले होते, आणि ओळख करून देताना ‘साठ’ हा शब्द नावाच्या आधी येत असे. शिवाय प्रमुख पाहुणे होते. डोंगर चढायला प्रमुख पाहुणे कशाला, असं मी ग्रुपवर विचारलं तेव्हा मला हात जोडल्याच्या तीन खुणा आल्या. पाहुणे अमेरिकेतून कॉन्फरन्ससाठी आले होते आणि तिकडे वाळवंटातल्या दऱ्यांतून पायी फिरण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता.

मी बाबांसाठी अस्वलाची घंटा घेतली. इकडच्या जंगलांत अस्वलं आहेत; माणूस येतोय हे त्यांना आधी कळावं म्हणून लोक पाठपिशवीला छोटी घंटा अडकवतात. ट्रेनमध्ये वाजू नये म्हणून तिला आत लोहचुंबकाची खिट्टी असते.

“ही गुरांना बांधतात,” बाबा म्हणाले. पण त्यांनी ती अडकवली, आणि अडीच तासांच्या प्रवासात तीनदा खिट्टी तपासली.

बस जिथे सोडते तिथे वाटेची सुरुवात होती. नऊ वाजले होते. एक लाकडी पेटी होती, वर फॉर्मची चळत. डोंगरात शिरण्याआधी कोण, किती जण, कुठल्या वाटेने, किती वाजता परत, हे लिहून पेटीत टाकायचं; कोणी परत आलं नाही तर शोधणाऱ्यांना कुठून सुरुवात करायची ते कळतं. सचिवांनी फॉर्म घेतला, स्वतःचं नाव लिहिलं, खाली ‘इतर ३१’ लिहिलं आणि पेटीत टाकला.

“बाकीची नावं?” बाबांनी विचारलं.

“काका, एवढं कोण वाचतंय!”

मग कार्यक्रम सुरू झाला. हो, डोंगराच्या पायथ्याशी, बसस्टॉपवर, कार्यक्रम. पाहुण्यांना शाल आणि श्रीफळ. अध्यक्षांचं प्रास्ताविक. आजूबाजूने जपानी म्हातारे-कोतारे काठ्या टेकत, आम्हाला किंचित मान झुकवत वर निघून जात होते. पाहुण्यांनी अमेरिकेतल्या लाल खडकांबद्दल सांगितलं. त्या दऱ्यांच्या तळाशी उभं राहिलं की माणसाला आपलं क्षुद्रपण कळतं म्हणाले. ते पंचवीस मिनिटं बोलले. त्यावरून त्यांना ते कळल्यासारखं वाटलं नाही. नोव्हेंबरात इथे साडेचारनंतर झाडांखाली अंधारायला लागतं. आम्ही चालायला लागलो तेव्हा दहा वाजून गेले होते.

एक चांगली गोष्ट समितीने केली होती, ती नोंदवायला हवी. सगळ्यांच्या मागे चालायला एक तरुण इंजिनियर नेमला होता. कोणी मागे राहू नये एवढंच त्याचं काम. दुर्दैवाने चांगला कॅमेरा त्याच्याकडेच होता. पहिल्या अर्ध्या तासातच पुढून हाक आली, “अरे, सरांचे चढतानाचे फोटो कोण काढणार?” आणि तो धावत पुढे गेला तो गेलाच. शेपूट तुटलं आणि कोणाला दुखलं नाही.

मी बाबांबरोबर का नव्हते, हे कुणी विचारण्याआधी मीच सांगते. माझ्या हातात बॅनरची गुंडाळी होती आणि बरोबर पाहुण्यांच्या पत्नी होत्या. त्यांना सोबत देण्याची जबाबदारी ग्रुपवर माझ्या नावासमोर लिहिलेली होती. मी ती नाकारली नाही. बाबा मागून त्यांच्या ठरलेल्या चालीने येत होते, घंटा किणकिणत. “काका, देवळात आलात काय?” असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही थोडी हसले. मग बाबा म्हणाले, “तू हो पुढे. मी मोजत येतोय.” ते पावलं मोजत होते; ती त्यांची जुनी सवय.

देवदारासारख्या उंच, सरळ झाडांचं जंगल होतं. पावणेबाराच्या सुमाराला वाट फुटली. डावीकडे पानांनी झाकलेल्या दगडी पायऱ्या वळून वर गेल्या होत्या. उजवीकडे झाडांना गुलाबी फिती बांधलेल्या दिसत होत्या, एकापुढे एक, थेट वरपर्यंत. सचिव थांबलेसुद्धा नाहीत. “मार्किंग बघा किती मस्त केलंय!” ते ओरडले. “आपल्याकडे दगडावर खडूने बाण काढावे लागतात. हे खरे प्रोफेशनल!” आणि उजवीकडे वळले. मागोमाग तीस टी-शर्ट.

फाट्यावर एक छोटी पाटी होती. मी रोज आठ तास जपानी वाचून पोट भरते. त्या पाटीखालून मी गेले आणि वर पाहिलं नाही, कारण पाहुण्यांच्या पत्नी मला त्यांच्या न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याविषयी सांगत होत्या.

पुढचा पाऊण तास वाट म्हणून काही नव्हतं. भुसभुशीत माती, कापलेल्या फांद्या, चारी हातपायांवर चढण. “हाच खरा ट्रेक!” असं सचिव अधूनमधून म्हणत होते आणि मंडळी घोषणा देत होती. साडेबाराला आम्ही एका मोकळ्या, झाडं तोडलेल्या जागेवर पोचलो. मधोमध विजेचा मनोरा. वर त्याच्याही पलीकडे डोंगर चढतच गेला होता, पण तो झाडीत होता आणि झाडीत फोटो येत नाहीत.

“शिखरावर पाटी नाही?” मी विचारलं.

“काढली असेल दुरुस्तीला,” सचिव म्हणाले.

बॅनर उलगडला गेला. घोषणा झाल्या. नारळ वाढवला. पाहुण्यांनी आपण जगातल्या कुठल्याही शिखरावर मराठी पाऊल ठेवू शकतो असं सांगितलं. मनोऱ्याच्या तारा डोक्यावर गुणगुणत होत्या. मी घंटेचा आवाज येतो का ते ऐकत होते.

एक वाजत आला तरी बाबा आले नव्हते. फोन करून उपयोग नव्हता. त्यांचा फोन माझ्या फोनच्या वायफायवर चालतो. माझ्यापासून दहा मीटर लांब गेले की त्यांच्या खिशात नुसतं घड्याळ उरतं.

मी सचिवांकडे गेले. “बाबा आलेले नाहीत.”

“असतील इथेच कुठेतरी.”

“नाहीत. मी बघितलं.”

“वहिनी, टेन्शन घेऊ नका. पाकिटं मोजलीयत.”

“कसली पाकिटं?”

“जेवणाची हो. बत्तीस आणली, बत्तीस गेली. पिशवी रिकामी. म्हणजे सगळे पोचले.” त्यांनी मला रिकामी पिशवी उलटी करून दाखवली. “डोकी मोजत बसलो तर लोक हलतात, घोळ होतो. पाकिटं हलत नाहीत. आमची जुनी सिस्टीम आहे.”

मी शेजारी बघितलं. प्रमुख पाहुणे मनोऱ्याच्या चौथऱ्यावर बसून बटाटेवडा खात होते. मांडीवर दुसरं पाकीट होतं, न उघडलेलं. सत्कारमूर्तींना एक जास्त द्यायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. कुणी दिलं, कुणालाच आठवेना. त्या क्षणी माझा सासरा म्हणजे एक वडापाव, एक चिक्की आणि एक कागदी रुमाल होता, आणि तो पाहुण्यांच्या मांडीवर सुखरूप होता.

“ते पाकीट बाबांचं आहे,” मी म्हणाले. जरा मोठ्याने म्हणाले असेन, कारण सगळ्यांनी वळून पाहिलं. पाहुण्यांनी घाईने पाकीट पुढे केलं. “घ्या ना, घ्या, मला नकोच होतं.”

मी म्हणाले की मी पोलिसांना फोन करते.

तेव्हा अध्यक्ष उठले. अध्यक्षांचा आवाज मऊ आहे. ते त्या आवाजात काहीही बोलू शकतात. “वहिनी, भावना समजू शकतो. पण पोलीस म्हणजे, बघा ना, इथल्या लोकांसमोर आपल्या समाजाची इमेज काय राहील? उद्या हॉल मिळायचा नाही आपल्याला. दहा मिनिटं द्या. आभारप्रदर्शन तेवढं उरकू, मग सगळे मिळून खाली बघत बघत जाऊ.”

आणि आभारप्रदर्शन झालं. मला आजही वाटतं की मी हे स्वप्नात पाहिलं असावं, पण व्हिडिओ आहे. एक बहात्तर वर्षांचा माणूस जंगलात दिसेनासा झालेला असताना पाहुण्यांचे, टी-शर्टच्या प्रायोजकांचे, वडे तळणाऱ्या भगिनींचे आणि ‘ज्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मदत केली त्यांचे’ आभार मानले गेले. अप्रत्यक्ष मदत करणाऱ्यांची टाळी संपेपर्यंत मी निघाले होते. कॅमेरावाला मुलगा म्हणाला, “मी येतो ताई.” सचिव म्हणाले, “अरे, ग्रुप फोटो बाकी आहे.” त्याने माझ्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि मला पाण्याची बाटली दिली.

अडीचपर्यंत सापडले नाहीत तर पोलिसांना फोन, असं मी मनाशी ठरवलं. उतरताना मी दोनदा घसरून पडले. प्रत्येक झाडाआड मला त्यांची निळी टोपी दिसत होती. त्यांचा गुडघा दिसत होता. नवऱ्याला कोणत्या शब्दांत सांगायचं याची वाक्यं डोक्यात आपोआप जुळत होती, आणि त्यातल्या एकाही वाक्यात मी बॅनर खाली ठेवत नव्हते.

फाट्यावर पोचले तेव्हा दगडी पायऱ्यांवरून एक जपानी बाई उतरत होत्या. साठीच्या असाव्यात, दोन्ही हातांत काठ्या. मी त्यांना निळ्या टोपीवाले भारतीय आजोबा पाहिलेत का म्हणून विचारलं.

“ते घंटावाले?” त्या म्हणाल्या. “वर आहेत की, शिखरावर. मी त्यांना संत्री दिली. त्यांना भाषा येत नाही, पण त्यांनी मला दगड दाखवला.” मग माझ्या टी-शर्टकडे बघून त्यांनी विचारलं, “तुम्ही सगळे ह्या बाजूने का गेलात? ती लाकूडतोड्यांची खूण आहे.”

मी पहिल्यांदा एका गुलाबी फितीजवळ जाऊन नीट पाहिलं. तिच्यावर शाईने आकडा लिहिला होता. पुढच्या फितीवर त्याच्या पुढचा आकडा. कापायची झाडं मोजून ठेवलेली होती. आणि डोक्यावर ती पाटी: शिखर डावीकडे, पन्नास मिनिटं.

मला चाळीस लागली. शेवटच्या वळणावर झाडी संपली, आभाळ उघडलं, आणि मला घंटा ऐकू आली. बाबा एका बाकावर बसून पिशवी हातात धरून ती संथपणे हलवत होते, कोणीतरी हरवलेल्यांना वाट कळावी म्हणून हलवावी तशी. शेजारी संत्र्याच्या सालींची कागदात बांधलेली पुरचुंडी. समोर चौकोनी, गुडघ्याएवढाही उंच नसलेला दगड. त्यावरचं शेवाळ त्यांनी रुमालाने पुसून काढलं होतं.

मला बघून ते उठले. “आलीस? बरं झालं. बाकीचे एकतीस... नाही, तीस कुठायत? दीड तास वाट बघतोय. मला वाटलं सगळेच हरवलात की काय.”

मी बाकावर बसले आणि रडले. बाबा गांगरले. त्यांनी मला एक संत्रं सोलून दिलं आणि मी खाईपर्यंत स्वतः दुसरीकडे बघत राहिले.

“मी हाका मारल्या फाट्यावर,” मग ते म्हणाले. “तुमच्या घोषणा चालल्या होत्या. फितीवर आकडे दिसले. आकडे घातलेली फीत वाट दाखवत नाही गं, ती मोजदाद असते. नकाशावर पायऱ्या डावीकडे आहेत. तुम्हाला चूक कळली की परत फिराल, म्हणून मी पंधरा मिनिटं थांबलो. मग म्हटलं, ठरलेल्या ठिकाणी जाऊन थांबावं. ठरलं शिखरावर भेटायचं होतं ना?”

ठरलं तेच होतं.

“हात लावलात?” मी विचारलं.

“आधी लावला. मग पुसला. मग पुन्हा लावला.”

सव्वाचारला आम्ही बसस्टॉपवर उतरलो. मंडळी आमच्या आधी आली होती. कुणीतरी कोनबिनी दुकानातून गरम कॉफीचे डबे आणले होते आणि वातावरण प्रसन्न होतं. सचिवांनी सगळ्यांसमोर बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. “काका, घाबरवलंत आम्हाला! ग्रुपबरोबर आलं की ग्रुपची शिस्त पाळायची असते. वाट चुकलं की जागेवर थांबायचं.”

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्या मनगटावर बोटं टेकवली.

“बरोबर आहे,” ते सचिवांना म्हणाले. “तुम्ही किती वेळ थांबलात?”

सचिवांना प्रश्न कळला नाही. बस आली.

ट्रेनमध्ये मी बाबांवर चिडले. गप्प का बसलात? ते म्हणाले, बांधावर भांडणारा माणूस आणि नकाशा यांत मी कायम नकाशाच्या बाजूने बोललो, आणि कायम मार खाल्ला. आता निवृत्त झालोय. मला ते पटलं नाही. निवृत्त झालेल्या माणसाचाच सगळ्यात सहज बळी देता येतो, हे मला त्या महिन्यात कळलं.

कारण रविवारचा वृत्तांत सोमवारीच ग्रुपवर आला, तेच वाक्य घेऊन. तो नागोयाला पोचला. तिथून पुण्याला. नवऱ्याचा फोन आला, “तू त्यांना एकटं सोडलंस?” मी झालेलं सगळं सांगितलं. तो ऐकत होता. पण मंडळाने लिहिलेल्या वाक्याचं वजन वेगळं असतं, आणि बायकोने रागाने सांगितलेल्या गोष्टीचं वेगळं. “ठीक आहे, फितींचं असेल तसं,” तो म्हणाला. “पण चुकले ना शेवटी?” बुधवारी दिरांनी बाबांना कळवलं की त्यांचे पुण्यातले डोंगर चढायचे बूट वॉचमनला देऊन टाकलेत. बाबा फोनवर “बरं” म्हणाले. गुरुवारी ते नदीकाठी फिरायला गेले नाहीत. शुक्रवारीही नाही. घंटेची खिट्टी बंद करून त्यांनी ती बूट ठेवायच्या कपाटात ठेवून दिली.

मी कार्यकारिणीला लिहिलं. बाबांनी लिहायला नको म्हटलं होतं. मी लिहितेच आहे म्हटल्यावर रात्रीतून विचार बदलून त्यांनी सकाळी मला एक कागद आणून दिला. फाटा, पायऱ्या, फिती, मनोरा, शिखर, आणि स्वतः चाललेल्या प्रत्येक टप्प्यावर पावलांचा आकडा; मनोऱ्याची जागा छापील नकाशावरून. खाली त्यांच्या खात्याच्या भाषेत ‘नोंद दुरुस्त होऊन मिळणेबाबत’. मी तो नकाशा जोडला. मनोरा आणि शिखर यांच्यातलं अंतर त्यात स्पष्ट दिसत होतं. म्हणजे बत्तिसांपैकी शिखरावर दोघं पोचली, तीस जण विजेच्या खांबाखाली वडे खाऊन आले, हेही.

चार ओळींचं उत्तर आलं. आपल्या भावनांची नोंद घेतली आहे. मंडळ हे एक कुटुंब आहे. अशा गोष्टींना वादाचं स्वरूप न देता पुढे जावं. तसंच सुरक्षिततेचा विचार करून यापुढे मोहिमेसाठी पासष्ट वर्षांची वयोमर्यादा घालण्यात येत आहे.

वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर तो ग्रुप फोटो आहे. खाली शिखराचं नाव. मनोरा संगणकावर पुसून टाकला आहे. तारा मात्र एका कोपऱ्यात राहून गेल्यात, आभाळातून आभाळात जाणाऱ्या.

बाबांचं परतीचं विमान डिसेंबरात होतं. त्याआधीच्या शनिवारी नवरा नागोयाहून आला आणि मी त्याला सांगितलं की उद्या आपण तिघं जातोय. त्याने गुडघा, थंडी, सामानाची बांधाबांध अशी कारणं दिली. मी म्हटलं, तू ये किंवा नको येऊ, आम्ही जातोय. आणि येणार असशील तर फोन खिशात ठेव. तो आला. बाबांनी पेटीशी थांबून फॉर्म भरला. मी लिहून दाखवली तशी जपानी अक्षरं त्यांनी चित्रासारखी उतरवली, तिघांची नावं, तिन्ही वयं. नवरा थंडीत पाय आपटत म्हणाला, “बाबा, कोण वाचतंय एवढं!” बाबांनी मान वर न करता स्वतःचं वय लिहिलं.

नवरा पुढे चालला होता. तो उंच आहे, भरभर चालतो, आणि पुढे चालण्याची त्याला ऑफिसातून सवय आहे. फाट्यावर बाबा थांबले. मी थांबले. मी बोलणार नाही असं वचन मी बाबांना ट्रेनमध्ये दिलं होतं, ते पाळायला मला किती जड गेलं ते मलाच माहीत. नवरा थांबला नाही. डोळ्यांसमोर गुलाबी फिती, एकापुढे एक, थेट वरपर्यंत. तो उजवीकडे वळला आणि चढायला लागला. पाच झाडं, दहा झाडं. मागे कुणी येतंय की नाही हे बघायला तो वळलाही नाही.

बाबांनी घंटेची खिट्टी काढली आणि पिशवी एकदा हलवली.

तो थांबला. खाली आमच्याकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं. मग शेजारच्या झाडावरची फीत हातात धरून वाचली, पुढच्या झाडाशी जाऊन तीही वाचली. खाली आला तेव्हा कान लाल झाले होते, आणि ते थंडीने नव्हते.

“दादाला फोन करतो आज,” तो बाबांना म्हणाला. “बुटांचं बघतो.” आणि पायऱ्यांवरून बाजूला झाला. “चला. तुम्ही पुढे.”

बाबा पुढे झाले. पावलं मोजत, आमच्याकडे न बघता. वर पोचायला आम्हाला तासभर लागला. मध्ये दोनदा ते थांबले, गुडघ्यासाठी नव्हे, नवऱ्याला दम लागला म्हणून.

शिखरावर कोणी नव्हतं. दगडावर पुन्हा पानं पडली होती. नवऱ्याने ती झटकली आणि दगडावर तळवा ठेवला. “हाच का तो?”

बाबांनी खिशातून फोन काढला. या तीन महिन्यांत त्यांनी एकही फोटो काढला नव्हता, आणि मंडळाच्या फोटोंपासून तर ते लांबच राहिले होते. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला, एक डोळा मिटला, एक पाऊल मागे गेले.

“हात काढ,” ते म्हणाले. “आणि दोघंही बाजूला व्हा. मला फक्त दगडाचा घ्यायचाय.”